लॉगरोलिंग, बक, रेल : अमेरिकेच्या सीमेवरच्या वस्त्यांतले शब्द मराठीत कसे आणायचे?

मूळ प्रश्न

केंटकी, ओहायो, पश्चिम पेन्सिल्व्हेनिया इकडे १७७० ते १८३० च्या दरम्यान गोऱ्यांच्या वस्त्या कशा उभ्या राहिल्या यावर लेख लिहितेय. लॉगरोलिंगपाशी अडलेय. शब्दशः ओंडके लोटणं होतं, पण तिथे सगळ्या शेजाऱ्यांनी जमून दिवसभर करायचं ते काम होतं. इर्जिक म्हटलं तर चालेल का? शिवाय डॉलरला बक का म्हणतात, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या अब्राहम लिंकनच्या रेल-स्प्लिटर या टोपणनावाचं काय करायचं? रूळ लिहावं तर त्या रानात रेल्वे कुठून आली.

प्रतिसाद

ताई, इर्जिक जवळचा आहे पण पुरता बसत नाही. आधी काम काय होतं ते बघा. रान मोडताना मोठ्या झाडांची साल गोल सोलून ती उभीच वाळवायची, मग पाडून तुकडे करायचे, आणि ते ओंडके ढिगात रचून जाळून टाकायचे तेव्हा कुठे मका पेरायला जमीन मोकळी. एका घरातला नवरा, बायको आणि कळती पोरं मिळूनही ते ओंडके हलत नसत, म्हणून शेजारी बोलवायचे, घरच्या बायकांनी सगळ्यांचं जेवण रांधायचं, व्हिस्की ठेवायची, आणि पैशाचं नावही काढायचं नाही. इथपर्यंत इर्जिकच आहे, ज्याचं शेत त्यानं जेवण घालायचं आणि बाकीच्यांनी आपापले नांगर-बैल घेऊन यायचं.

पण पुढे फरक पडतो. इर्जिकीत जेवण घातलं की बऱ्यापैकी फिटंफाट होते, तिकडे तसं नव्हतं. आज तू माझे ओंडके लोटलेस, आता मी तुझे लोटायला यायलाच पाहिजे, तेही नुसती हजेरी लावून नाही, अंग मोडून. पश्चिम व्हर्जिनियाकडच्या त्या काळच्या आठवणींत आहे की अशा कामात जो अंग चोरायचा त्याला लोक 'लॉरेन्स' म्हणायचे. लॉरेन्स म्हणजे ऐतखाऊ, कामचुकार. आणि पुढे त्याच्या घरचं काम निघालं की कुणी फिरकायचं नाही, तीच शिक्षा. तिथे ना कोतवाल ना कचेरी, तरी ही शिक्षा पुरायची कारण एकट्यानं घराच्या भिंतीसुद्धा उभ्या राहत नव्हत्या. म्हणून माझं मत सावड. दोन-तीन घरांनी बैल आणि माणसं एकमेकांना द्यायची आणि दिलेलं लक्षात ठेवायचं, हा अर्थ सावडीत आहे.

प्रतिसाद

सावड बरोबर आहे पण आमच्याकडे सातारा भागात याला सरळ पैरा म्हणतात. आज माझ्यात भांगलण, उद्या तुझ्यात. आणि पैरा 'फेडतात', तुमचं ते लॉरेन्सचं प्रकरण या क्रियापदात आपोआप येतं. ज्यानं पैरा फेडला नाही त्याला आमच्याकडेही पुढच्या वेळी कुणी धरत नाही.

प्रतिसाद

फेडणे एकदम बरोबर! क्रियापद पैऱ्याचंच घ्या ताई. नाम सावड घ्या किंवा पैरा, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात समजावून टाका म्हणजे झालं.

आता बक. बक म्हणजे नर हरीण, आणि इथे त्याचं कातडं. १७४८ मध्ये पेन्सिल्व्हेनियाचा दूत कॉनराड वायझर ओहायो नदीकाठी तिथल्या मूळ लोकांशी बोलणी करायला गेला होता, त्याच्या रोजनिशीत व्हिस्कीच्या पिंपाची किंमत ५ बक लिहिलीय. म्हणजे कातडं हेच चलन. पुढे १७८४ मध्ये आजच्या पूर्व टेनेसीत फ्रँकलिन नावाचं राज्य काही लोकांनी परस्पर जाहीर केलं, चार वर्षं कसंबसं टिकलं, तिथे तर कर भरायलाही कातडी आणि व्हिस्की चालायची. तुमच्या लेखात बकला 'रुपया' वगैरे करू नका, पहिल्यांदा 'कातडं' लिहा.

किमतींबद्दल मिठाची गोष्ट घ्याच असं मी म्हणेन. डोंगरापलीकडच्या वस्त्यांत मीठ आणि लोखंड घरी तयार होत नव्हतं, म्हणून वर्षभर प्रत्येक घर कातडी आणि फर साठवायचं आणि शरद ऋतूत चार घरं मिळून घोड्यांचा तांडा पूर्वेला पाठवायचा, आधी बाल्टिमोरपर्यंत, नंतर हेगर्सटाउन, कंबरलंड. एक घोडा दोन बुशेल (धान्य-मीठ मोजायचं तिकडचं माप) मीठ आणायचा, प्रत्येकी ८४ पौंड, म्हणजे साधारण ३८ किलो. आणि एका बुशेल मिठाला एक चांगली दुभती गाय वासरासकट द्यावी लागायची! मोजताना अर्ध्या बुशेलच्या मापात मीठ हातानं अलगद सोडायचे आणि तेवढा वेळ जमिनीवर कुणी जोरात पाऊल टाकायचं नाही, कारण हादऱ्यानं मीठ दबलं तर तेवढ्याच मापात जास्त मावणार. त्या बाजारात बळी कोण पडायचं ते यावरून कळतं.

जमिनीचे सरकारी दर पण द्या, १७९६ ला एकराला २ डॉलर आणि कमीत कमी ६४० एकर घ्यायचे, म्हणजे १२८० डॉलर, गाईवर मीठ घेणाऱ्याकडे ते कुठून येणार? १८२० मध्ये ते ८० एकर, सव्वा डॉलर दरानं १०० डॉलर रोख असं खाली आलं. त्यामुळे आधी बसायचं, मग हक्क सांगायचा, अशी रीतच पडली. झऱ्याजवळची चार झाडं सोलून सालीवर नावाची अक्षरं कोरली की त्याला 'टॉमाहॉक हक्क' म्हणत, टॉमाहॉक म्हणजे छोटी कुऱ्हाड. हा शब्द तसाच ठेवा.

प्रतिसाद

एक विनंती, या जमिनीला कृपया 'ओसाड' किंवा 'पडीक' म्हणू नका. केंटकी हे शॉनी आणि चेरोकी या तिथल्या मूळ लोकांचं शिकारीचं रान होतं, त्यावरून वर्षानुवर्षं रक्त सांडलंय. नांगर लागला नव्हता म्हणजे मालक नव्हता असं होत नाही. 'रान' म्हणा.

प्रतिसाद

अगदी मान्य, रानच म्हणायचं. आणि 'स्टेशन' आलं तर जपून, केंटकीत स्टेशन म्हणजे भोवती खांबांचा कोट असलेली घरांची गढी, आणि बरेचदा ती एका कुळाची असायची. लेक्सिंग्टनजवळचं ब्रायन्स स्टेशन हे ब्रायन भावांचं, आणि केंटकीत वस्ती वसवणाऱ्या डॅनियल बूनची बायको रिबेका ही ब्रायनांचीच मुलगी. म्हणजे सोयरीक आधी, वस्ती नंतर.

शेवटी रेल. ही कुंपणाची रेल, ओंडका पाचरी ठोकून उभा चिरायचा आणि त्या लांब दांड्या नागमोडी रचायच्या. मराठीत 'कुंपणाचे चिरीव वासे' चालेल. १८३० मध्ये लिंकन कुटुंब इलिनॉयला आलं तेव्हा अब्राहमनं पँटच्या कापडासाठी असे वासे चिरून दिले, यार्डाला ४०० वासे असा दर होता असं सांगतात. ही किंमत लेखात नक्की घ्या, बक आणि मीठ याच ओळीतली आहे.

आणि त्याच्या घराबद्दल दोन ओळी लिहाच. १८१८ मध्ये इंडियानात आजाराच्या साथीत आई गेली तेव्हा हा नऊ वर्षांचा. त्याच साथीत आईचे नातेवाईक स्पॅरो नवरा-बायको पण गेले, त्यांच्याकडे राहणारा डेनिस हँक्स लिंकनांच्या केबिनमध्ये आला. पुढच्या वर्षी बाप केंटकीतून विधवा सेरा बुश जॉन्स्टनला लग्न करून घेऊन आला, तिची तीन मुलं बरोबर. आठ माणसं एका खोपटात, आणि पुढे डेनिसनं त्या सावत्र मुलींतलीच एक केली. नाती अशी जुळत होती कारण हात कमी आणि काम अफाट. पोरगा २१ चा होईपर्यंत त्याच्या कमाईवर कायद्यानं बापाचा हक्क, त्यामुळे १८२८ मध्ये सपाट तळाच्या होडीतून न्यू ऑर्लिन्सला माल नेऊन महिना ८ डॉलरनं मिळवलेले पैसे त्यानं बापाला दिले. तर अशा पोरांबद्दल हायर्ड आउट (दुसऱ्याकडे मजुरीला दिलेला) हा शब्द आला तर त्याला 'नोकरी लागली' लिहू नका ताई, 'बापानं कामाला लावला' लिहा.