पडून राहिलेली गाडी घरी पुन्हा चालू करताना : काय बदलले आणि काय तसेच ठेवले?

ठाणे-नवी मुंबईतल्या बहुतेक सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये, खांबाच्या आडोशाला, फाटलेल्या कव्हराखाली, दोन्ही टायर बसलेली एखादी मोटरसायकल उभी असतेच. अशी गाडी गॅरेजमध्ये न टाकता घरच्या घरी, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या हातांनी पुन्हा रस्त्यावर आणलेल्या मंडळींनी आपले अनुभव येथे सविस्तर लिहावेत, अशी विनंती आहे. केवळ खर्चाची यादी नको. कोणता भाग बदलण्याचा मोह झाला, कोणता बदलला आणि कोणता जाणूनबुजून तसाच ठेवला, हे वाचण्याची मला विशेष उत्सुकता आहे. सुरुवात मीच करतो.

नौपाडा, ठाणे

माझ्या धाकट्या मामाची १९९३ची यामाहा आरएक्स १०० नऊ वर्षे जिन्याखाली उभी होती. ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन असलेल्या या गाडीचे उत्पादन १९९६ साली थांबले, त्यामुळे अस्सल सुटे भाग मिळवणे हे निम्मे काम ठरते. किक खाली जातच नव्हती, कारण सिलिंडरमध्ये गंज चढून पिस्टन जागच्या जागी धरला होता. प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण ओतले, गाडी गिअरमध्ये टाकली आणि रोज संध्याकाळी मागचे चाक हाताने हळूहळू पुढेमागे हलवत राहिलो. पाचव्या दिवशी पिस्टन बोटभर सरकला. त्या दिवशी किकवर उभे राहून जोर केला असता तर कनेक्टिंग रॉड वाकला असता, हे मला नंतर एका जुन्या मिस्त्रींनी सांगितले.

सिलिंडर उतरवला तेव्हा आत ओरखडे दिसले. वागळे इस्टेटमधील लेथवर बोअर करून (आतला व्यास वाढवून) अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन बसवला. येथवर सारे ठीक होते; पण क्रँकचे (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याचे) ऑइल सील बाहेरून धड दिसत होते, म्हणून मी बदलले नाहीत, आणि हीच माझी चूक झाली. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण क्रँककेसमधूनच वर जाते, त्यामुळे तो कप्पा हवाबंद असावाच लागतो. वर्षानुवर्षे कोरडे पडून कडक झालेले मॅग्नेटच्या बाजूचे सील बाहेरची हवा ओढू लागले, इंजिन आपोआप वेग घेऊ लागले आणि प्लग पांढराफटक (हवा जास्त झाल्याची खूण) निघाला. अशा स्थितीत गाडी आणखी चालवली असती तर नवा पिस्टनही जाम झाला असता. क्लचच्या बाजूचे सील गेले असते, तर गिअरचे तेल ओढले जाऊन पांढऱ्या धुराने पार्किंग भरले असते. क्रँककेस पुन्हा उघडावी लागली. शंभर-दीडशे रुपयांच्या वस्तूसाठी दोन रविवार गेले आणि घरच्यांची बोलणी ऐकावी लागली ती वेगळीच.

टाकी मात्र मी रंगवली नाही. मामाच्या पट्ट्याच्या बक्कलने तिच्यावर पडलेले ओरखडे आजही आहेत.

घणसोली

माझे बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात पहिल्या पाळीला जात असत, ते हिरो होंडा सीडी १०० गाडीवरून. गुडघ्याच्या दुखण्यामुळे त्यांनी गाडी सोडली आणि ती सहा वर्षे उभी राहिली. मी काम हाती घेतले तेव्हा प्लास्टिकच्या स्टुलावर बसून त्यांनी एकच अट घातली : "इंजिन उघडायचे नाही." मला ते पटले नव्हते. पण प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारली, तेव्हा अंगठा जोराने उडाला. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, शाबूत होते, म्हणजे दोष इंधनात किंवा ठिणगीत होता.

टाकीत गंजाचे पापुद्रे होते. सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, लिटरला साधारण शंभर ग्रॅम या प्रमाणात कोमट पाण्यात विरघळवून मी टाकी एक दिवस भरून ठेवली. पाणी काळपट हिरवे झाले आणि आतून पत्रा स्वच्छ निघाला. त्यानंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टाकी विसळली. हे सारे मी ऑगस्टमध्ये केले, आणि खाडीवरून येणाऱ्या दमट हवेत ओली टाकी वाळेपर्यंत तिच्यावर नारिंगी गंज पुन्हा चढला होता. दिवाळीनंतर तीच कृती पुन्हा केली, हेअर ड्रायरने टाकी लगेच वाळवली आणि आतून थोडे तेल फिरवले. आपल्याकडे टाकीचे काम पावसाळ्यात काढू नये, इतकेच सांगते.

कार्बोरेटरच्या पायलट जेटचे (मंद वेगावर पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीचे) छिद्र वाळलेल्या पेट्रोलच्या राळेने बुजले होते. ते पोलादी सुईने टोकरू नये, कारण छिद्र किंचित जरी मोठे झाले तरी इंधनाचे प्रमाण कायमचे बिघडते. मी विजेच्या मऊ वायरीतील तांब्याची एक तार वापरली. टायरवर नक्षी शिल्लक असली, तरी कडेला कोरलेले चार अंक तपासावेत : पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. आमच्या टायरवर २३०८ होते, म्हणजे २००८चा तेविसावा आठवडा. ते दोन्ही टायर काढून टाकले.

इंजिन सुरू झाल्यावर बाबांनी नुसत्या आवाजावरून टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) सैल असल्याचे सांगितले. फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) लावल्यावर ते खरे निघाले.

कळवा

माझा अनुभव छोटा आणि अपयशाचा आहे, पण तोही येथे असावा. राजदूत मोटरसायकल एका रविवारात पूर्ण सुटी केली आणि सारे नट-बोल्ट रंगाच्या एकाच डब्यात टाकले. पुढच्या महिन्यात नोकरीमुळे पुण्यास जावे लागले. दोन वर्षांनी परतलो तेव्हा कोणता बोल्ट कुठला हे आठवेना आणि बाजारात विचारावे तर भागाचे नावही सांगता येईना. शेवटी गाडी दोन गोण्यांतून गेली. आता कोणी विचारले, तर प्रत्येक जोडणीचे छायाचित्र काढावे आणि प्रत्येक भागाची वेगळी पिशवी चिठ्ठी लावून ठेवावी, असे सांगतो.

मानपाडा, ठाणे

आमची बुलेट ३५० जुन्या कास्ट आयर्न इंजिनाची, उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक असलेली आहे. गिअर डावीकडे आणण्याची जोडणी मिळते आणि ती बसवण्याचा आग्रह अनेकांनी केला, पण मी ती बसवली नाही. पहिले तीन आठवडे घोडबंदर रस्त्यावर ब्रेक समजून गिअर दाबत होतो, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

या इंजिनाची एक खोड अशी, की गाडी महिनोन्महिने उभी राहिली की इंजिनाच्या तेलटाकीतील तेल पंपातून झिरपत क्रँकच्या कप्प्यात उतरते. वरून तेल संपलेले दिसते, आपण नवे ओततो, आणि पहिल्या किकला सायलेन्सरमधून निळा धूर आणि ब्रीदरमधून (इंजिनातली हवा सोडणाऱ्या नळीतून) तेलाची धार सुटते. म्हणून तेल घालण्यापूर्वी खालचा बोल्ट काढून तो कप्पा रिकामा करावा. पॉइंटमधील (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांतील) फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावी. ॲम्पिअर मीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळू दाबावी, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) ओढून पिस्टन किंचित पुढे न्यावा आणि मगच पूर्ण किक मारावी. अन्यथा उलटा झटका नडगीवर बसतो.

चॅसिस पावडर कोटिंगला देताना क्रमांक कोरलेल्या जागेवर उष्णता सोसणारी चिकटपट्टी लावण्यास आवर्जून सांगावे. नोंदणीला पंधरा वर्षे झाल्यावर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि तपासणीच्या वेळी चॅसिस व इंजिन क्रमांकांचा पेन्सिलने ठसा घेतला जातो. माझ्या चॅसिसवर रंगाचा जाड थर बसल्याने दोन अंक उमटेनात आणि मला पॉलिश पेपर घेऊन पुन्हा यावे लागले. जुन्या वाहनांवर पर्यावरण करही भरावा लागतो. रंग बदलला, तर नोंदणीपुस्तकात तशी नोंद हवी. माझी गाडी काळी होती आणि काळीच ठेवली.

(धागाकर्त्याची पुस्ती : ब्रेक लायनर जुने असतील, तर ड्रममधील धूळ फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये फुफ्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसावे.)

नेरूळ

मला जुनी पल्सर १५० मूळ रूपात नव्हे, तर कॅफे रेसर, म्हणजे बुटक्या हँडलची आणि आखूड शेपटीची, करून हवी होती. मागची चौकट कापून आखूड करायची, असे मी ठरवले होते. तुर्भ्याच्या वेल्डरने खडू घेतला आणि विचारले, "उद्या परत जोडायची झाली तर?" मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि त्या दोन दिवसांत मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचले. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच स्पष्ट केले आहे. चौकट वाचली.

मग केवळ बोल्टने बसणारे आणि काढता येणारे बदल केले. बुटके हँडल लावले. ते पूर्ण वळवले की टाकीला आपटत असे, आणि सीवूड्सपर्यंतच्या सिग्नलांवर मनगटे भरून येत. सहा महिन्यांनी मूळ हँडल परत लावले. मोकळा सायलेन्सरही लावून पाहिला : जेट तेच राहिल्याने मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली, थ्रॉटल सोडला की फटाके वाजत आणि वॉचमनकाका मान हलवत. तोही उतरवला. आज माझ्या आवडीची म्हणावी अशी एकच गोष्ट गाडीवर आहे, ती म्हणजे शिवून घेतलेली तपकिरी सीट.

ऐरोली

घणसोलीच्या अनुभवाला थोडी जोड देतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा शोषते आणि जुन्या रबरी नळ्या व वॉशर त्याने फुगतात किंवा भेगाळतात. माझ्या जुन्या येझदी मोटरसायकलची कॉकखालची (टाकीच्या पेट्रोल-तोटीखालची) नळी अशीच फाटली आणि पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकू लागले. सुदैवाने गाडी उघड्यावर उभी होती. तेव्हापासून गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधील पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ती चालू ठेवतो, आणि त्यानंतरच कव्हर घालतो.