शिकवताना आवाज बसतो, आवाजाचे शिक्षक सुचवा (कल्याण-ठाणे)

शालन_कल्याण
नववी-दहावीला इतिहास शिकवते, १६ वर्षं झाली. वर्गात साठ मुलं, डोक्यावर चार पंखे, खिडकीखाली रिक्षा स्टँड. दिवाळीपासून चौथ्या तासाला आवाज चिरकतो, शुक्रवारपर्यंत पार बसतो. परवा मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, शेवटचं ऐकूच येत नाही." फार लागलं मनाला. ज्येष्ठमध, हळद-दूध, गुळण्या सगळं झालं. आवाज सुधारून देणारे शिक्षक असतात का? की गाण्याच्या क्लासला जाऊ?

वाचा_उपचार
ताई, क्लासआधी कान-नाक-घशाचे डॉक्टर. घोगरेपणा तीन-चार आठवड्यांवर टिकला तर दुर्बिणीतून स्वरतंतू बघून घ्यायचेच. बोलताना बाईमाणसाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आदळतात, त्यात तुम्ही पंख्यांवर आवाज चढवणार. शिक्षकांना तिथे गाठी येतात. घाबरू नका, अशा गाठींवर बहुतेकदा पहिला उपाय आवाजाचे व्यायाम हाच असतो. वाचा-उपचारतज्ज्ञ ते शिकवतात. वांद्र्याला अली यावर जंग ही केंद्र सरकारची संस्था आहे, तिथे चौकशी करा. आणि खाकरणं आजपासून बंद, त्याऐवजी पाण्याचा घोट. कुजबुजून बोलणं म्हणजेही विश्रांती नव्हे.

निवेदक_डोंबिवली
मी सूत्रसंचालन करतो. तीन वर्षांपूर्वी माझंही हेच होतं, रंगभूमीवरच्या एका बाईंकडे आठ महिने शिकलो. पहिल्या दिवशी त्यांनी मला बोलायला लावून फोनवर रेकॉर्ड केलं आणि फक्त वाक्यांचे शेवट ऐकवले. "कार्यक्रम सुरू होणार..." आणि पुढे नुसती खरखर. श्वास आधीच संपलेला, उरलेलं घशातून ढकललेलं. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येतं, 'आहे' की 'नाही' ते तिथेच ठरतं. तेवढंच गिळलं तर समोरच्याच्या हाती काय लागणार? तुमची विद्यार्थिनी नेमकं हेच सांगतेय.

बाईंनी माझा तळवा बरगड्यांच्या खालच्या कडेवर ठेवला. श्वास घेताना हात बाहेर ढकलला गेला पाहिजे, खांदे जागचे हलता कामा नयेत. मग लांब वाक्य दोन ठिकाणी तोडायचं आणि क्रियापदाला श्वास राखून ठेवायचा. रोज पाच मिनिटं ग्लासात दोन बोटं पाणी, त्यात नळी, आणि नळीतून 'ऊ' म्हणत बुडबुडे. घसा इतका मोकळा होतो की पहिल्यांदा माझा विश्वास बसला नव्हता.

शिक्षक निवडताना एकच बघा: आधी तुमचं ऐकतात का. पहिल्याच दिवशी "खर्ज लावा, भारदस्त बोला" म्हणून आवाज खाली दाबायला लावणाऱ्यांकडे जाऊ नका, त्याने घशावर ताणच येतो. गाण्याच्या क्लासने सूर सुधारेल, पण तुमची अडचण बोलण्यात आहे. डोंबिवलीतल्या या बाईंचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

मास्तर७२
कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि डोक्याचा माइक घ्या. मी दोन वर्षं वापरतोय. मुलं दोन दिवस हसली, मग विसरली.

शालन_कल्याण
शनिवारी दुर्बिणीची तपासणी ठरवलीय. काल स्वतःचा तास रेकॉर्ड केला. "तह झाला" मधलं 'झाला' खरंच ऐकू येत नाही. माइकचं मुख्याध्यापकांना विचारते. नळी स्टीलची चालेल ना?

निवेदक_डोंबिवली
चालेल. सरबताच्या नळीएवढी असू दे, फार बारीक घेतली तर सुरुवातीला दम लागतो.