हास्ययोग आणि बीपीच्या गोळ्या: संशोधन खरंच काय सांगतं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आई ७१ वर्षांची आहे. बाबा गेल्यापासून ती अगदी मिटून गेली होती. झोप नाही, कुणाकडे जाणं-येणं नाही, फोन केला तरी दोन शब्दांत बोलणं संपायचं. शेजारच्या काकूंनी आग्रहाने तिला सकाळच्या हास्ययोगाला नेलं, आणि तेव्हापासून तिच्यात पडलेला फरक आम्हा सगळ्यांना दिसतो आहे. आता ती स्वतःहून फोन करते, मैत्रिणींच्या गोष्टी सांगते. त्यामुळे तिचं तिथे जाणं थांबवायचा प्रश्नच नाही.

अडचण अशी आहे की गटातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी तिला सांगितलं, रोज पोट धरून हसलं की बीपी आपोआप ताब्यात येतं, मग गोळ्या कशाला? आईने परस्पर गोळी अर्धी केली आहे. विचारलं की म्हणते, "अगं, हे सगळं शास्त्राने सिद्ध केलंय." म्हणून मी ते शास्त्र वाचायला बसले. जे हाती लागलं ते खाली लिहिते आहे. इथले डॉक्टर आणि संशोधन वाचायची सवय असलेले लोक यांनी कृपया तपासून सांगावं.

डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईतल्या एका बागेत पाच जणांना घेऊन हास्ययोग सुरू केला. आधी विनोद सांगून हसायचे. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, तेव्हा विनोदाशिवाय, ठरवून हसायची पद्धत आली. शरीराला खरं हसू आणि मुद्दाम आणलेलं हसू यातला फरक कळत नाही, हा तिचा पाया. आईच्या गटात फिरणाऱ्या कागदावर मात्र जे दाखले दिले आहेत, त्यातले बरेचसे हास्ययोगाचे नाहीतच. ते विनोदी फिल्म बघून आलेल्या हसण्याचे आहेत.

उदाहरणार्थ अमेरिकेतले संपादक नॉर्मन कझिन्स. दहा मिनिटं खळखळून हसल्यावर दोन तास वेदनेशिवाय झोप लागते, असा त्यांचा अनुभव १९७६ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पण तो एकाच रुग्णाचा अनुभव, आणि ते त्याच वेळी भरपूर क जीवनसत्त्वही घेत होते. संशोधक ली बर्क यांचा १९८९चा कॉर्टिसॉलचा, म्हणजे ताण आला की शरीरात वाढणाऱ्या संप्रेरकाचा, प्रयोग सगळीकडे सांगतात, त्यात विनोदी व्हिडिओ बघणारे पाच आणि न बघणारे पाच, एवढेच निरोगी पुरुष होते. मेरीलँड विद्यापीठात मायकेल मिलर यांना विनोदी प्रसंग बघताना रक्तवाहिन्यांमधला प्रवाह वाढलेला आणि तणावाचे प्रसंग बघताना कमी झालेला दिसला. तिथे २० जण होते, तेही निरोगी, आणि मोजमाप त्या बैठकीपुरतं. २०२३ साली आठ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात उत्स्फूर्त हसण्याने कॉर्टिसॉल सुमारे ३२ टक्क्यांनी कमी झाल्याचं आलं आहे. आकडा मोठा आहे, पण आठही अभ्यास मिळून माणसं ३१५. आणि कॉर्टिसॉल खाली आलं म्हणजे वर्षानुवर्षांचं बीपी बरं झालं, हे मला तरी पटत नाही.

खुद्द हास्ययोगावरचा, आईला सगळ्यात जवळचा वाटेल असा अभ्यास इराणमधला आहे, २०११चा. नैराश्य असलेल्या ६० ते ८० वयाच्या स्त्रियांचे तीन गट केले. एक हास्ययोग करणारा, दुसरा एकत्र व्यायाम करणारा, तिसरा काहीच न करणारा. पहिल्या दोन्ही गटांचं नैराश्य तिसऱ्यापेक्षा कमी झालं, पण त्या दोघांत मोठा फरक नव्हता. आयुष्याबद्दलचं समाधान मात्र हास्ययोगाच्या गटात वाढलं. इथेच माझी गाडी अडली आहे. आईला जे मिळतंय ते हसण्याने, की सकाळी उठून तयार होऊन चार माणसांत गेल्याने? मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या प्रयोगांत एकत्र हसल्यावर वेदना सोसायची क्षमता वाढलेली दिसली, म्हणजे हसणं आणि सोबत ही दोन्ही एकमेकांत गुंतलेली असावीत. २०१८ साली मानसिक आरोग्यावरच्या हास्ययोगाच्या चाचण्यांचा आढावा घेतला गेला. त्यात सहाच चाचण्या सापडल्या आणि पुरावा कच्चा ठरला. २०१९च्या दुसऱ्या विश्लेषणात ठरवून हसणं हे विनोदाने आलेल्या हसण्यापेक्षा जास्त परिणामकारक दिसलं, पण मूळ अभ्यासांचा दर्जा कमी असल्याचं तिथेही लिहिलं आहे. कोण हसतंय आणि कोण नाही हे लपवताच येत नाही, त्यामुळे "मला बरं वाटणार" या अपेक्षेचा परिणाम वेगळा काढायचा कसा, हाही प्रश्न उरतो.

मला मनापासून आवडलेला अभ्यास भलत्याच विषयावरचा निघाला. चीनमध्ये डोळे कोरडे पडणाऱ्या जवळजवळ ३०० जणांपैकी निम्म्यांना रोज चार वेळा पाच-पाच मिनिटं हसायचा व्यायाम दिला आणि बाकीच्यांना डोळ्यांत घालायचे थेंब. आठ आठवड्यांनी हसणारे थेंबवाल्यांच्या मागे पडले नव्हते. २०२४ साली हे प्रसिद्ध झालं. उपचाराशी थेट तुलना कशी करावी याचा हा नमुना. बीपीच्या गोळीशी अशी तुलना कुणी केली आहे का? निदान गोळ्या चालू ठेवून, काही महिने रोजचं बीपी मोजून केलेली चाचणी? माहीत असेल तर जरूर सांगा.

दुसरं, तिच्या तब्येतीबद्दल. पूर्वी तिचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आहे. हसताना पोटावर दाब येतो, आणि तिथे मध्येमध्ये श्वास रोखायलाही सांगतात. हसण्याच्या अपायांचा एक आढावा २०१३ साली आला होता, त्यात हर्निया बाहेर येणं, बेशुद्ध पडणं, दम्याचा झटका येणं असे प्रकार नोंदले आहेत. ऑपरेशननंतर बराच काळ गेलेल्यांनी जोरात हसायला हरकत नसते ना? आणि हसताना लघवी सुटण्याचा त्रास या वयाच्या अनेक बायकांना असतो, कुणी बोलत नाही. तिथे पेल्विक फ्लोअरचे (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे) व्यायाम जोडीने केले तर उपयोग होतो का, हे फिजिओथेरपिस्ट मंडळींनी सांगितलं तर माझ्या आईसोबत इतरांचंही भलं होईल.

गोळी मेटोप्रोलॉलची आहे. ती एकदम कमी केली की नाडी आणि बीपी उसळू शकतं असं वाचलं, तेव्हापासून मला चैन नाही. तूर्तास तिला घरच्या मशीनवर सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिहायला लावलं आहे, आणि या आठवड्यात डॉक्टरांकडे घेऊन जाते आहे. तिथे काय विचारायला हवं ते सुचवा. आणि ज्यांनी आपल्या आई-वडिलांना हे समजावलं आहे, त्यांनी कोणत्या शब्दांत सांगितलं तेही लिहा. "गोळी घे" म्हटलं की तिला वाटतं मी तिचा गट बंद करायला निघाले आहे.