मदत हवी आहे: पाचवा महिना, बी१२ जीवनसत्त्व फक्त १४२, घर माळकरी

नमस्कार. मी रावेर तालुक्यातली, जिल्हा परिषद शाळेत दुसरीला शिकवते. पहिलंच बाळंतपण. परवा रिपोर्ट आला: हिमोग्लोबिन ९.८, बी१२ १४२. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केलीत, लोहाच्या गोळ्या आधीपासून आहेतच. पण गर्दीत बाकीचं विचारायचं राहून गेलं.

आमच्याकडे अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही, आणि मलाही ते नको. कळण्याची भाकरी, भरीत, डाळ, मेथी, शेंगदाणे सगळं खाते, म्हणून वाटायचं काही कमी नाही. पण बी१२ यातल्या कशातच नसतं! आपल्याला ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळणार, आणि आमचं दूध डेअरीला जातं, उरलेलं चहाला.

त्यात पुण्याजवळच्या खेड्यांतला, १९९३ साली सुरू झालेला अभ्यास वाचला. गरोदरपणी ज्यांचं बी१२ कमी होतं, त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर आकडे उलटे सांगण्यात आणि लक्ष टिकवण्यात मागे पडली. मी वर्गात हाच खेळ घेते. मी ४-७-२ म्हटलं की पोरांनी २-७-४ म्हणायचं. वाचल्यापासून झोप लागत नाही.

पाच महिने गेले, आता उशीर झाला का? माळकरी घरात तुम्ही काय खाल्लंत? सासूबाई दही देत नाहीत, बाळाला सर्दी होईल म्हणतात. त्यांना न दुखावता कसं सांगू?

प्रतिसाद:
ताई, मी चोपड्याची, माझंही असंच होतं. उशीर अजिबात झालेला नाही. मज्जातंतूंवरचं आवरण तयार व्हायला बी१२ लागतं, आणि ते काम बाळ जन्मल्यावरही दोनेक वर्षं जोरात चालतं. अंगावर पाजताना दुधातलं बी१२सुद्धा तुमच्याच साठ्यातून जाणार, म्हणून बाळंतपणानंतर इंजेक्शनं-गोळ्या मनाने थांबवू नका. अभ्यासातला फरक गटांच्या सरासरीतला आहे, तुमच्या बाळाचं भाकीत नाही.

मी डेअरीला घालायच्या आधीच माझं अर्धा लिटर बाजूला काढायचे. दोन वेळा दूध, दुपारी ताजं दही. पण १४२ वर नुसतं दूध पुरणार नाही, इंजेक्शन चुकवू नका. लोहाची गोळी चहा-दुधासोबत नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

सासूबाईंना पुढच्या तपासणीला सोबत न्या. माझ्या सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंच्या तोंडून ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच विरजण लावायला लागल्या.