मदत हवी आहे: कुंडीतली कोथिंबीर उगवते आणि लोळते

नाशिक, पूर्वेची बाल्कनी, सकाळचं तीनेक तास ऊन. ८ इंची कुंडीत दोन भाग काळी माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). धणे रगडून दोन फोडी केल्या, रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल पेरले. उगवण झकास, पण दोन पानांवर आलं की देठ मातीलगत बारीक, तपकिरी होतो आणि रोप आडवं पडतं. म्हणजे रोप कोलमडण्याचीच बुरशी वाटते. पेरणी दाट, शिवाय काळी माती ओल धरून ठेवते. (शेजारचा पुदिना मजेत आहे, त्याला ओल चालते.)

कोकोपीट वगळून जाड वाळू घालावी का? ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पेरणीआधी खतात मिसळावा, की आता आळवणी करूनही (पाण्यात कालवून मुळाशी ओतूनही) उरलेली रोपं वाचतील? गंगापूर रोडकडे त्याची छोटी पुडी कुठे मिळेल?