विषय: रेम्केस यांनाच पुन्हा पुन्हा का बोलावतात?

(उट्रेख्तहून)
नमस्कार मंडळी,
मार्च २०२७ मध्ये इथे नेदरलँड्समध्ये प्रांतिक निवडणुका आहेत. नव्याने डच नागरिक झालेल्या आपल्यातल्या काहींचं हे पहिलंच प्रांतिक मत. जुन्या बातम्या चाळताना योहान रेम्केस हे नाव जिथे तिथे दिसतं. काका, तुम्ही इथलं राजकारण बरीच वर्षं पाहताय. कोण हे गृहस्थ?

(हारलेमहून)
ताई, आवडीचा विषय काढलात.
रेम्केस यांचा जन्म १९५१ चा, ग्रोनिंगन प्रांतातला. पक्ष व्हीव्हीडी, म्हणजे उजवीकडे झुकणारा उदारमतवादी पक्ष. १९७८ मध्ये ते प्रांतिक परिषदेवर गेले, १९८२ पासून अकरा वर्षं प्रांताच्या कार्यकारी मंडळात होते. खासदारकी त्यानंतरची. २००२ ते २००७ गृहमंत्री. चित्रपट दिग्दर्शक थिओ व्हान गॉख यांची २००४ मध्ये हत्या झाली तेव्हा संसदेत न्यायमंत्र्यांसोबत उत्तरं द्यायला तेच उभे होते.

एवढं झाल्यावर ते २०१० मध्ये पुन्हा प्रांतात आले, आमच्या नोर्ड-हॉलंडचे आयुक्त, म्हणजे नेमलेले प्रांतप्रमुख म्हणून. २०१८ अखेरपर्यंत राहिले. मग जिथे घडी विस्कटली तिथे यांना बोलावणं. हेगच्या स्खेवेनिंगन किनाऱ्यावरच्या नववर्षाच्या होळ्या हाताबाहेर गेल्या, त्या प्रकरणात २०१९ मध्ये हेगच्या महापौरांनी राजीनामा दिला, तिथे हंगामी महापौर रेम्केस. एप्रिल २०२१ मध्ये अनुदानांच्या प्रकरणामुळे लिम्बुर्गचं अख्खं कार्यकारी मंडळ गेलं, पाठोपाठ गव्हर्नरही (तिथे आयुक्ताला गव्हर्नर म्हणतात). तिथे हंगामी गव्हर्नर रेम्केस, आणि जुलैमध्ये पुराने फाल्केनबुर्ग बुडालं तेही त्यांच्याच काळात.

पण खरं काम नायट्रोजनचं, म्हणजे गोठे, वाहनं यांतून बाहेर पडून निसर्गक्षेत्रांचं नुकसान करणाऱ्या नायट्रोजनच्या संयुगांचं. मे २०१९ मध्ये न्यायालयाने अशा उत्सर्जनाच्या परवान्यांची जुनी पद्धत मोडीत काढली. पुढे होणाऱ्या घटीच्या भरवशावर आजच परवाने दिले जात होते, ते चालणार नाही म्हणाले. घरं, रस्ते, गोठे, सगळं अडलं. यावर सल्ला द्यायला नेमलेल्या रेम्केस समितीने स्पष्ट सांगितलं की सगळं सगळीकडे शक्य नाही. महामार्गांवर दिवसा ताशी १०० ची मर्यादा आली ती त्यांच्या शिफारशीनंतर. २०२२ च्या उन्हाळ्यात सरकारच्या नायट्रोजन कपातीविरुद्ध शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले तेव्हा मध्यस्थही तेच. उत्सर्जन निम्मं करण्याचं २०३० चं उद्दिष्ट ठेवा, पण २०२५ आणि २०२८ ला थांबून तपासा. आणि निसर्गक्षेत्रांजवळचे सर्वांत जास्त उत्सर्जन करणारे ५०० ते ६०० व्यवसाय वर्षभरात थांबवा, असा त्यांचा अहवाल. दोन्ही बाजूंना न रुचणारं लिहायला धैर्य लागतं. मला या माणसाबद्दल आदर आहे तो इथे.

(आइंडहोवनहून)
काका, आदर ठीक, पण आयुक्त, महापौर, मध्यस्थ, यातलं एकही पद लोकांच्या मतांवर मिळालेलं नाही. मार्च २०२३ च्या प्रांतिक निवडणुकीत शेतकरी-नागरिक चळवळ (बीबीबी) हा पक्ष पहिल्या क्रमांकावर आला, त्यामागे हाही राग होताच ना?

(हारलेमहून)
होता, आणि रास्त होता. पण रेम्केस यांच्याच अध्यक्षतेखालच्या, संसदीय व्यवस्थेवरच्या राज्य आयोगाने डिसेंबर २०१८ मध्ये बंधनकारक सार्वमत सुचवलं होतं, आणि निवडणुकीनंतर पक्षांची जुळवाजुळव करून सरकार बनवणाऱ्याची निवड मतदारांनी थेट करावी असंही. ते अमलात आलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आणि तो राग बाहेर पडला कुठे? प्रांतिक मतपेटीत. प्रांतिक परिषदाच संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे ७५ सदस्य निवडतात, नायट्रोजनचे बरेचसे परवानेही प्रांतच देतो. नगरपालिकेसाठी पाच वर्षांच्या वास्तव्यावर भारतीय पासपोर्टवरही मत देता येतं. प्रांतासाठी मात्र डच नागरिकत्व लागतं. ज्यांनी ते घेतलंय त्यांच्या घरी मतदान केंद्रावर न्यायचं मतदानपत्र (स्टेमपास) टपालाने आधीच येईल. ते जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकून देऊ नका.