सतरा वर्षं शेप-१, म्हणजे फौजेच्या हिशेबात पूर्ण फिट, राहिलेल्या जवानाला पायलट व्हायला पुन्हा मेडिकल कशाला?

होटगी रोडवाला
माझा धाकटा भाऊ तोफखान्यातून सतरा वर्षांनी हवालदार म्हणून घरी आला. वय ३५. २०२५च्या जूनमध्ये सोलापूरहून गोव्याचं विमान सुरू झालं, तेव्हापासून त्याने कमर्शियल पायलट व्हायचं मनावर घेतलंय. मोहोळची दोन एकर विकायचीही तयारी आहे.

आता त्याला सांगतात, आधी शिकाऊ म्हणून क्लास टू मेडिकल, मग कमर्शियल लायसन्ससाठी जास्त कडक क्लास वन. बारावीला फिजिक्स-गणित नव्हतं, तर तेही द्या. अहो, शेवटच्या दिवसापर्यंत तो शेप-१ होता, फौजेतून सुटताना झालेल्या रिलीज मेडिकल बोर्डाचे कागद घरात आहेत. क्लास वनची पहिली तपासणी वर्षानुवर्षं दिल्ली, बेंगळुरूच्या हवाई दलाच्या केंद्रांत होत आली. डॉक्टर फौजेचे चालतात, मग फौजेचा कागद का नको? पंधरा वर्षं नोकरी केलेला दहावी पास माजी सैनिक गट क च्या नोकरीसाठी पदवीधराच्या बरोबरीचा धरतात. इथे त्याला बारावीचीही किंमत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं.

माजी नर्सिंग असिस्टंट, विजापूर रोड
राग समजतो, पण मेडिकलच्या बाबतीत तुमचं चुकतंय. मी बावीस वर्षं एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात काढली. कान कसा तपासायचो सांगतो. जवान पाठ करून उभा, एक कान बोटाने बंद, आणि ६१० सेंटिमीटरवरून, म्हणजे वीस फुटांवरून, आम्ही कुजबुजत आकडे म्हणायचो. सत्तावीस. चौऱ्याण्णव. बरोबर सांगितले की एच-१, म्हणजे कान पास.

क्लास वनला हेडफोन लावून ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो त्याचा आलेख काढतात. ५००, १०००, २००० हर्ट्झच्या आवाजाला ऐकण्यात ३५ डेसिबलपेक्षा आणि ३०००ला ५०पेक्षा जास्त घट चालत नाही. तोफेच्या आवाजाने कान आधी ४०००च्या आसपास जातो आणि मग घट खाली ३०००कडे सरकते. वीस फुटांवरची कुजबूज नीट ऐकणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. रंगाचंही तसंच. भूदलात शिपायाला सीपी-३ ही रंग ओळखण्याची श्रेणी चालते, म्हणजे लाल, हिरवा, पांढरा दिवा ओळखता आला की पास. इथे इशिहाराच्या तक्त्यावरच्या रंगीत ठिपक्यांतला आकडा वाचायला लावतात.

बार्शीकर
एवढं कशाला घाबरवता? माझ्या चुलतभावाला ब्लड प्रेशरची ३० टक्के डिसॅबिलिटी पेन्शन आहे. त्याला ओळखीच्याने सांगितलं, फौजेची फाईल दाखवूच नको. झालं की क्लास टू.

सात रस्ता
बार्शीकर, कृपा करून हा सल्ला कुणाला देऊ नका. अर्जावर आधीचे आजार विचारतात आणि खाली सही आपली असते. आजार आहे म्हणून सरकारकडून पेन्शन घ्यायची, आणि आजार नाही म्हणून सरकारलाच लिहून द्यायचं? दोन्ही कागद कधी ना कधी एका टेबलावर येतात. खरं सांगितलं तर जास्तीच्या तपासण्या लावतील, तात्पुरतं अनफिट करतील, पण वाट बंद होत नाही. रक्तदाब काबूत असेल तर मेडिकल मिळू शकतं.

आणि होटगीवाले भाऊ, क्लास वन हातात येईपर्यंत जमीन विकू नका. माझ्या मुलाने नुसत्या क्लास टूवर फ्लाइंग स्कूलची फी भरली आणि क्लास वनला डोळ्यात अडकला. शाळेने एक रुपया परत दिला नाही.

अक्कलकोट नाका
मेडिकलचं पटलं. बारावीचं नाही. तोफखान्यात टेक्निकल असिस्टंट असलेला माणूस नकाशावरून अंतर, दिशा, उंचीतला फरक रोज काढतो, आणि वाऱ्याची दुरुस्तीही करतो. हेच नेव्हिगेशनच्या पेपरात येतं. त्याची एक परीक्षा घ्या आणि मोकळं करा.

सात रस्ता
परीक्षा आहेच की. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून फक्त फिजिक्स आणि गणित हे दोन विषय देता येतात. बरेच जण देतात. ज्याला गणित येतं त्याला अवघड काय?

होटगी रोडवाला
चार दिवसांनी लिहितोय. भावाला घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या पेटीत बसवलं, हातात बटण दिलं. आवाज ऐकू आला की दाबायचं. शेवटी शेवटी त्याचा अंगठा बराच वेळ हललाच नाही, मी बाहेरून बघत होतो. उजवा कान चांगला आहे. डावा ३०००ला ४५, ४०००ला ६०. बसतंय, पण काठावर. घरात टीव्हीचा आवाज मोठा का असतो ते आत्ता कळलं.

जमिनीचा व्यवहार थांबवलाय, आधी क्लास वन. नर्सिंगवाल्या दादांचे आभार. पण बारावीच्या बाबतीत मी अक्कलकोट नाक्याबरोबरच आहे. पस्तिसाव्या वर्षी त्याला पुन्हा शाळेच्या पेपराला बसवणं मला अजूनही पटलेलं नाही. त्याने मात्र फॉर्म आणलाय.